काचेच्या पलीकडून

सम्या,

शनिवारी फोन उचलला नाही म्हणून शिव्या घातल्या असशील, पण मी शेजारच्या क्यूबन आजीकडे अडकलो होतो. होस्टेलला आपण साखर घालून नेसकॅफे फेटायचो ना, अगदी तस्संच, मोका पॉटमधून (गॅसवर कॉफी करायचं भांडं) आलेले कॉफीचे पहिले चार थेंब साखरेवर टाकून ही बाई फेटत बसते आणि फेटता फेटता बोलते.

१९६१ ला ती नऊ वर्षांची, गाव सिएनफुएगोस. कॅस्ट्रोने खासगी शाळा ताब्यात घेतल्या आणि अफवा उठली की आता मुलांवर आईबापाचा हक्कच राहणार नाही, झालं, लोकांनी घाबरून पोरं एकटीच विमानात बसवून मायामीला धाडली. डिसेंबर १९६० ते ऑक्टोबर १९६२, १४,००० च्या वर पोरं रे! ऑपरेशन पेद्रो पान म्हणतात त्याला. मी तीन वर्षं इथे राहतोय आणि मला पत्ताच नव्हता.

हवानाच्या एअरपोर्टवर काचेची खोली होती, लोक तिला पेसेरा म्हणायचे, म्हणजे माशांची टाकी. जाणारे आत, घरचे बाहेर. तपासणीत हिच्या कानातल्या रिंगासुद्धा काढून घेतल्या. आई काचेला हात लावून सारखं काहीतरी सांगत होती, ओठ हलताना दिसत होते, पण आवाज नाही. हिला वाटलं चार दिवसांचा तर प्रश्न आहे, नंतर विचारू.

इकडे आल्यावर १५ वर्षांच्या भावाला पोरांच्या वेगळ्या कॅम्पात नेलं, हिला फ्लोरिडा सिटीच्या, आणि मग थेट आयोवातल्या अनाथाश्रमात. आईबाप जिवंत असताना अनाथाश्रम! त्यात १९६२ ला क्यूबातल्या रशियन मिसाइलवरून अमेरिकेशी ते प्रकरण झालं, विमानं बंद. १९६५ च्या शेवटी क्यूबातल्या वरादेरोहून फ्रीडम फ्लाइट्स, म्हणजे लोकांना अमेरिकेत आणणारी विमानं, सुरू झाली तेव्हा कुठे आईचा नंबर लागायची आशा. निघायच्या आधी सरकारी माणूस घरातल्या वस्तूंची यादी करायचा आणि जायच्या दिवशी परत मोजायचा, म्हणून आईने बंद पडलेला टेबलफॅन पदरच्या पैशाने दुरुस्त करून सरकारला दिला. हे सांगताना आजी एवढी हसली की चमचा खाली पडला.

आई आली १९६६ ला. तोवर हिचं स्पॅनिश गेलेलं, आई स्पॅनिशमध्ये बोलायची, ही इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची. मोडकंतोडकं परत शिकल्यावर विचारलं, तेव्हा काचेमागून काय सांगत होतीस? आई म्हणाली, आता नाही गं आठवत, स्वेटरबद्दल असेल काहीतरी.

भाऊ मध्ये एकदा क्यूबात जाऊन घर बघून आला. ही गेली नाही, आणि तो गेला म्हणून त्याच्याशी दोन वर्षं बोललीही नाही. मला हे जरा अतीच वाटलं, पण बोललो नाही, आपण कोण बोलणारे.

तू आलास की नेतो तुला तिच्याकडे. फक्त संध्याकाळी कॉफी घेऊ नकोस, एवढुसा कप असतो म्हणून मी तीन प्यायलो आणि रात्री दोनला छताकडे बघत पडलो होतो.

तुझाच,
पक्या