कृष्णेचा आलेख दर वेळी पुसून का काढता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाने जोर धरला की कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पाणीपातळीचे ‘लाइव्ह’ आलेख सांगलीभर मोबाइलवर फिरू लागतात. कॉलेजची मुले ते हौसेने करतात, कौतुकच आहे. पण नदीकाठच्या सूर्यवंशी प्लॉट वस्तीतला माणूस रात्रीच्या चढाचा भाग बोटांनी मोठा करून पाहत असतो आणि तेवढ्यात आलेख झटका देऊन मूळ रूपात येतो. वेबपानावर आलेख काढणाऱ्या ‘प्लॉटली’ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत दर नव्या नोंदीला ‘प्लॉटली.न्यूप्लॉट’ (आलेख नव्याने काढण्याची आज्ञा) पुन्हा चालवले, की हेच होणार.

आलेख एकदाच काढावा आणि पुढे प्लॉटलीच्याच ‘एक्स्टेंडट्रेसेस’ या आज्ञेने फक्त नवा बिंदू जोडावा. इथे बहुतेकांचा कंस चुकतो. रेघ एकच असली तरी नवी वेळ आणि नवा आकडा दुहेरी चौकोनी कंसातच द्यावे लागतात. त्यानंतर रेघेचा क्रमांक (मोजणी शून्यापासून) आणि शेवटी जास्तीत जास्त किती बिंदू ठेवायचे ते. तासाला एक नोंद असेल तर आठवड्याला १६८ पुरेत. प्लॉटलीचीच ‘रिॲक्ट’ ही आज्ञा वापरणाऱ्यांनी आकड्यांच्या जुन्याच यादीत आकडा ढकलू नये, त्याला बदल कळतच नाही. यादी नवी द्यावी आणि ‘युआयरिव्हिजन’ या खुणेचे मूल्य तेच ठेवावे, म्हणजे झूम टिकतो.

पायथन भाषेतल्या मॅटप्लॉटलिब या आलेखाच्या लायब्ररीतही तेच तत्त्व: ‘प्लॉट’ पुन्हा न बोलावता रेघेवर ‘सेट_डेटा’ (नवे आकडे देणे), मग ‘रीलिम’ (मर्यादा पुन्हा मोजणे), ‘ऑटोस्केल_व्ह्यू’ (अक्ष जुळवणे, तेही फक्त आडवा) आणि ‘ड्रॉ_आयडल’ (चित्र ताजे करणे). मध्ये थांबायला ‘टाइम.स्लीप’ घातले तर खिडकी गोठते, ‘पीएलटी.पॉज’ घाला.

खरा घोळ आकड्यांत असतो. पातळी फूट-इंचात सांगितली जाते. ३८ फूट ६ इंच म्हणजे ३८.५, ३८.६ नव्हे. ३८ फूट ११ इंच कोणी ३८.११ लिहिले, तर चढणारी नदी आलेखात उतरलेली दिसते! इंचांना १२ ने भागून मगच फुटांत मिळवा. वेळेचेही तसेच. जावास्क्रिप्टमधल्या ‘टूआयएसओस्ट्रिंग’ने लिहिलेली वेळ ग्रिनिचची असते आणि प्लॉटली ती तशीच छापते, त्यामुळे सकाळी ८ ची नोंद पहाटे २.३० ला जाऊन बसते.

नोंद आली नाही तर तिथे ‘नल’ (null, म्हणजे रिकामी जागा) ठेवा, रेघ तुटलेली दिसू द्या. शून्य घातले तर भर पुरात कृष्णा कोरडी पडते.

उभा अक्ष आपोआप ठरू देणे तर फारच घातक. पाणी १८ वरून साडेअठरा फुटांवर गेले तरी रेघ तळापासून माथ्याला भिडते आणि लोक सामान माळ्यावर टाकायला लागतात. अक्ष ० ते ६० फूट असा पक्का करा (२०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते) आणि ४० फुटांची इशारा पातळी, ४५ फुटांची धोका पातळी या दोन आडव्या रेघा कायम ठेवा.

शेवटच्या नोंदीची वेळ आलेखावर ठळक लिहा. सर्व्हर बंद पडला तरी रेघ पडद्यावर जशीच्या तशी राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते पाणी थांबले.

आपले,
संगणक विषयाचे काही शिक्षक, सांगली