आधी दुखण्याचं नाव, मग पथ्य

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं आणि गुडघ्यांपेक्षा तुझ्या ताटाचीच काळजी जास्त वाटली. टोमॅटो बंद, वांगी-बटाटे बंद, डाळी बंद, आता दूधही बंद. जो जे सांगेल ते तू सोडत गेलास. पण हा संधिवात नेमका कोणता, हे पत्रात कुठेच नाही. ते कळल्याशिवाय पथ्य ठरवणार कसं रे?

समज, गाऊट असेल. रक्तातलं युरिक ॲसिड वाढून त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात. खाण्यापिण्याशी सगळ्यात थेट नातं याच दुखण्याचं. दारू, त्यातही बिअर, लाल मांस, काळीज-गुर्दा, गोड शीतपेयं हे खरोखरच कमी करावं लागतं. डाळी मात्र उगाच बदनाम झाल्या. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या, पुरुषांच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात प्युरिन (शरीरात ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते द्रव्य) असलेल्या भाज्यांमुळे, त्यांत डाळीही आल्या, गाऊटचा धोका वाढलेला दिसला नाही आणि दुधाचे पदार्थ खाणाऱ्यांत तो कमीच आढळला. म्हणजे तू नेमकं उपयोगाचंच सोडून बसला असशील! तरी रक्तातलं युरिक ॲसिड दर डेसिलिटरला 6 मिलिग्रॅमच्या खाली आणायला बहुतेकांना नुसतं पथ्य पुरत नाही. गोळी दिली तर घे.

गुडघ्याची झीज असेल, तर अमुक पदार्थ चांगला की वाईट यापेक्षा वजन महत्त्वाचं. जाड माणसाचं वजन एक किलो उतरलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. पण उपाशी राहून वजन उतरवू नकोस. त्यात स्नायूही झडतात आणि गुडघ्याला सावरून धरतात ते मांडीचे स्नायूच. प्रथिनं पोटात जायलाच हवीत, म्हणून तुझ्या डाळी-दुधाचा मला एवढा घोर. 2013 च्या एका चाचणीत गुडघे झिजलेल्या 454 जाड माणसांना दीड वर्ष पाहिलं. आहार आणि व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांचं दुखणं, नुसता आहार किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा कमी झालं.

सकाळी बोटं तासभर आखडून राहतात का? दोन्ही हातांचे सांधे सुजतात का? मग आमवाताची (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते) तपासणी लगेच करून घे. ओमेगा-3 असलेल्या तेलकट माशांनी थोडा आराम पडतो, पण सांधे वाचतात ते औषधांनी. पथ्याच्या भरवशावर त्यात महिने गेले, तर वाकडी झालेली बोटं पुन्हा सरळ होत नाहीत. इथे मी तुला हात जोडून सांगतो आहे.

टोमॅटो-वांग्यांनी सांधे दुखतात याला भक्कम पुरावा नाही. तुला त्रास जाणवतच असेल, तर एकच पदार्थ काही आठवडे सोड, पुन्हा खाऊन बघ आणि लिहून ठेव. सगळं एकदम सोडलंस तर काय बाधलं ते कळणारच नाही.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर माशाच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस. तपासण्यांचे कागद हाती आले की मला लगेच कळव.

तुझाच,
जुना मित्र