लॅपटॉप टाकू नकोस

गावभाग, सांगली

चि. चिऊस अनेक आशीर्वाद.

काल तू फोनवर म्हणालीस, विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबरला संपला, या लॅपटॉपवर ११ चढत नाही, आता हप्त्यावर नवा घेते. मी तेव्हा गप्प बसले. फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

आपल्या टायपिंगच्या दुकानातला कॉम्प्युटर आठव. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी गल्लीत शिरलं तेव्हा बाबांनी कपाटातल्या कपड्यांआधी सीपीयू माळ्यावर नेला. टेबल, कागदाची रिमं, लॅमिनेशनचं मशीन सगळं गेलं, तो तेवढा वाचला. पाचच महिन्यांनी विंडोज ७ चा सपोर्ट संपला. त्यात गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह! लावला की फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसायचे. एकाचा व्हायरस माझ्या दुकानातून दुसऱ्याच्या घरी जायचा, ते मला फार लागायचं. नव्या मशीनला पैसे कुठून आणणार? ओल्या भिंतींचा गिलावासुद्धा व्हायचा होता.

मामाने लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी फुकट सिस्टिम, पेन ड्राइव्हवर घालून आणून दिली. म्हणाला, “आक्का, लगेच इन्स्टॉल करू नकोस. पेन ड्राइव्हवरूनच चालू करून बघ, हार्ड डिस्कला हात लागत नाही.” आठवडाभर रोज रात्री शटर ओढल्यावर मी तेच केलं. २ जीबी रॅमचं ते मशीन, एक्सएफसीई या मिंटच्या हलक्या रूपाचा साधा पडदा, आणि अर्ज उघडून टाइप करायला लागले तर कर्सर बोटांबरोबर पळत होता. आठव्या दिवशी सगळ्या फायली दोन ठिकाणी उतरवून घेतल्या आणि इन्स्टॉलचं बटण दाबलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. प्रिंटरने चार दिवस छळलं, शेवटी यादीतल्या त्याच्या भावंडाचा, म्हणजे जवळच्या मॉडेलचा, ड्रायव्हर निवडला तेव्हा कागद स्वच्छ आला. पत्रिका मांडायचं कोरल लिनक्सवर चालत नाही, ते गेलं. जुन्या लग्नपत्रिका इंकस्केप या तसल्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, पण चौकटी हलल्या होत्या, त्या पुन्हा मांडाव्या लागल्या. तुझं काम तसल्या एखाद्या सॉफ्टवेअरवर अडत असेल तर आधी ते तपास.

मला खरं शिकावं लागलं ते टायपिंग. माझी बोटं टाइपरायटरवर घडलेली. नव्या सिस्टिमवर इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड, त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि पाय मोडायला डी ची कळ. पंधरा दिवस वेग निम्म्यावर आला होता. १९९१ साली मी एकवीस वर्षांची होते, टायपिंगच्या क्लासला जायचे. त्याच वर्षी हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्याच विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं आणि जगाला खुलं केलं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्याच वयाच्या मुलाचं काम माझ्या दुकानात चालत होतं, आणि त्यासाठी माझ्याकडे कुणी एक रुपया मागितला नव्हता. आधीचं विंडोज क्रॅक केलेलं होतं, हे तुला आज पहिल्यांदा सांगते.

आता आजोबांच्या फायलीचं. प्रतिसरकारच्या दिवसांच्या आठवणी त्यांनी मला सांगितल्या आणि मी त्या जुन्या फाँटमध्ये टाइप केल्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. नव्या सिस्टिमवर फाइल उघडली तर सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. माझ्या हातापायातलं बळच गेलं. फाँट कॉपी करून घातला तेव्हा मजकूर दिसला, पण आत अक्षरं मराठी नव्हतीच. इंग्रजी अक्षरांना मराठीचं सोंग दिलेलं होतं. फाँट हरवला की आजोबा हरवले. म्हणून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठीच दिसेल अशा अक्षरांत, आणायला बसले. लिब्रे ऑफिसच्या शोधा-बदलामध्ये एकेका चिन्हाचं अक्षर केलं. आणि गंमत बघ, जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं बरोबर उलटं. ‘दिवस’मधली वेलांटी ‘द’च्या अलीकडे एकटीच उभी, ‘स्थिती’त तर अख्खं जोडाक्षर ओलांडून न्यायची. त्यासाठी नियम लिहायला शिकले. दोन महिने रोज रात्री तासभर. ‘क्रांतिसिंह’ हा शब्द पहिल्यांदा सरळ उमटला तेव्हा बाबांना झोपेतून उठवून दाखवला.

ती फाइल आता तुझ्या मोबाइलवरसुद्धा उघडेल, सोबत पाठवते.

तर हप्त्याचा करार करू नकोस. फोटो आणि ऑफिसच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेव, आणि संक्रांतीला येताना लॅपटॉप चार्जरसकट आण. आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून बघू. वायफाय, कॅमेरा, आवाज सगळं लागलं तरच पुढे जाऊ. भडंग करून ठेवते, रात्र जागावी लागेल.

तुझी आई