लंडनचा जल्लोष पुरे, बेळगावच्या कॅम्पात या

मा. संपादक साहेब,

रविवारच्या पुरवणीतला टाइम ट्रॅव्हलच्या कथांवरचा लेख वाचला, चांगला होता, पण युद्ध जिंकल्याचा जल्लोष म्हटलं की सगळे लंडनलाच का जातात हे काही मला कळत नाही. कॉनी विलिस बाईंच्या 'ब्लॅकआउट' आणि 'ऑल क्लिअर' (2010) या कादंबऱ्यांत पण तेच, 2060 चे ऑक्सफर्डचे इतिहासकार भूतकाळात जाऊन दुसऱ्या महायुद्धात अडकतात आणि मे 1945 मध्ये युरोपातलं युद्ध जिंकल्यावर लंडनच्या ट्रॅफल्गर स्क्वेअरमध्ये तोबा गर्दी. पण बाईंनी एक भारी केलंय, त्यातल्या एकीनं दुसरीला त्या गर्दीत आधीच्या एका फेरीत बघितलेलं असतं आणि नंतर तिच्या पोटात गोळा येतो, कारण मैत्रीण तिथं दिसली म्हणजे ती तोवर आपल्या काळात परत गेलेलीच नाही! बाकी कथांत नुसते झेंडे न् पिपाण्या.

आता बघा, त्याच्या साधारण एक महिना आधी, 9 एप्रिलला, इटलीत सेनिओ नदीवर आपल्या मराठा रेजिमेंटचे नामदेव जाधव दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, सुरुंगातून एकेक करून अलीकडं आणतात, परत जाऊन मशिनगनची ठाणी गप्प करतात, हात जखमी म्हणून टॉमीगन टाकून हातबॉम्ब फेकतात आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देतात. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला त्यांना. या मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आमच्या बेळगावात आहे, मग काळातून येणाऱ्या प्रवाशाला इथं कॅम्पात उतरवायला काय हरकत?

आणि 8 मे ला, युरोपातल्या विजयाच्या दिवशी, इथं युद्ध संपलंच नव्हतं हो. चर्चिलनी पण दुपारी 3 च्या रेडिओ भाषणात थोडा आनंद करा म्हणून लगेच जपान बाकी आहे म्हणून सांगितलं, आणि जपानशी लढायला बर्मात आपलीच पोरं, जपाननी हार मानली ती 15 ऑगस्टला. ज्या आईचा एक पोरगा इटलीत न् दुसरा बर्मात तिनं त्या दिवशी साखर वाटायची की नाही? पुढचं सगळं ठाऊक असलेला माणूस तिच्या दारात उभा करा, हिरोशिमा माहीत, चर्चिल जुलैत निवडणूक हरणार ते माहीत, आणि तेव्हा मुंबई इलाख्यात असलेलं बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात जाणार ते पण माहीत, तो तिला काय सांगेल? (शेवटचं सांगितलं तर आधी त्यालाच मार बसेल.)

दिवाळी अंकासाठी असली एखादी कथा मागवा की. आमच्याकडं लिहिणारी पोरं आहेत.

– एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव