खोपोलीला दोन रात्री कशाला, तर...

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, "खोपोलीला दोन रात्री कशाला? सकाळी जायचं, रात्री परत यायचं, मुंबईचे लोक तसंच करतात," हे तुमचं म्हणणं मी फोनवर पूर्ण ऐकून घेतलं. माझं सुरू झालं की मात्र तुमचं "बघू" येतं आणि फोन आईच्या हातात जातो. आईला विचारावं तर ती "बाबा म्हणतील तसं." म्हणून लिहूनच पाठवते. निवांत वाचा, मग काय ते ठरवा.

मुंबईचे लोक तसं करतात हे खरंच आहे. खोपोलीजवळचं हे इमॅजिका, म्हणजे राइड्सचं मोठं पार्क, २०१३ साली सुरू झालं तेव्हापासून इथल्या शाळांच्या सहली, ऑफिसांच्या पिकनिका पहाटे बसने निघतात आणि रात्री झोपाळलेल्या परत येतात. आम्ही चौघंच असतो तर आम्हीही तेच केलं असतं. पण ह्यावेळी चिनू आणि सई हटून बसलीत की आजी-आजोबा पाहिजेतच. तुम्ही चिपळूणहून मुंबईला या, दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून गाडीत बसा, दिवसभर उन्हात चाला आणि रात्री एक्सप्रेसवेच्या गर्दीतून परत या, हे आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. तुम्हालाही नाही झेपणार, तुम्ही बोलत नाही एवढंच.

म्हणून बेत असा की तुम्ही मांडवी एक्सप्रेसने निघायचं आणि मुंबईपर्यंत न येता पनवेललाच उतरायचं. आम्ही मुलुंडहून सात सीटची गाडी करून येतो, पनवेलला तुम्हाला घेतो आणि तशीच गाडी खोपोलीला. जेवायच्या वेळेला मुक्कामी. नाहीतर पनवेलवरून पुढे दादरला जायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पनवेलवरूनच मागे यायचं, ह्यात वेळही जातो आणि पैसाही.

आता राहायचं कुठे. ह्यावर संदीपचं आणि माझं बरेच दिवस चाललं होतं.

पार्कला लागूनच नोव्होटेल आहे, मोठं, पावणेतीनशेच्या वर खोल्यांचं. मुलांनी ऑनलाइन फोटो बघितले आणि त्यांचा निकाल लागला. मलाही मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण हिशोब मांडला. आपण सहा जण, म्हणजे दोन खोल्या आल्याच. एका खोलीत दोन मोठी माणसं आणि एक मूल, त्यापुढे गादीचे पैसे वेगळे. दिवाळीच्या सुट्टीत भाव चढा. बाबा, तुम्हाला हिशोब आवडतो म्हणून एक गंमत सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के झालाय आणि त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७४०० ची खोली ७७७० ला पडते आणि ७६०० ची पडते ८९६८ ला. भावात फरक दोनशेचा, बिलात बाराशेला दोन रुपये कमी! त्यामुळे कुठेही फोन केला की मी आधी "टॅक्स धरून सांगा" म्हणते. पुढचा प्रश्न नाश्त्याचा. हॉटेलवाले ईपी, सीपी, एमएपी असं पटापट बोलतात. ईपी म्हणजे नुसती खोली, सीपीत सकाळचा नाश्ता, एमएपीत नाश्ता आणि एक जेवण. स्वस्त दिसणारा भाव बहुतेक वेळा ईपीचा असतो, आणि सहा जणांचा नाश्ता हॉटेलात करायचा म्हणजे काय ते आईला सांगायला नको.

दुसरा पर्याय लोणावळ्याचा बंगला. माझ्या ऑफिसातल्या सगळ्यांनी तोच सुचवला. आख्खा बंगला, स्विमिंग पूल, स्वयंपाकघर. पण बंगल्याचे लोक मोठ्या घोळक्याचा विचार करून भाव लावतात, सहा जणांना तो परवडत नाही. शेजारच्या बंगल्यात रात्री स्पीकर लागला तर केअरटेकर हात वर करतो. शिवाय एका एजंटने फोटो पाठवले आणि खोली बघायच्या आधीच अर्धे पैसे मोबाइलवर टाका म्हणाला. मी त्याला बंगल्याच्या आतून व्हिडिओ कॉल करायला सांगितलं, त्यानंतर त्याचा फोन आला नाही. आणि मुख्य म्हणजे मध्ये घाट आहे. नकाशात लोणावळा जवळ दिसतं, पण सुट्टीच्या दिवशी बोरघाटात गाडी अडकली की नकाशाला काही अर्थ राहत नाही. घाटातला जुना अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला तेव्हा वाटलं होतं कोंडी संपेल. पार्कमधून दमून निघालेली मुलं घेऊन संध्याकाळी घाट चढायचा, मला नाही पटलं. कार्ल्याच्या एमटीडीसी रिसॉर्टचंही त्याच कारणाने सोडलं. आईला एकविरेला जायचंय हे लक्षात आहे, ते वेगळं करू.

कर्जतकडच्या फार्महाऊसवाल्यांचा भाव माणशी असतो, जेवणासकट. ऐकायला सोपं वाटतं. पण पाच वर्षांवरच्या मुलाला अर्धा, बारावरच्याला पूर्ण, आणि चिनू आता तेराचा. त्यात जेवणं तीनही वेळची लावतात, आपण दिवसभर पार्कात असलो तरी. न जेवलेल्या जेवणाचे पैसे द्यायचे, हे आपल्या घरात कोणाला पचणार नाही.

हे सगळं बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आम्ही चौघं खोलीत फक्त झोपणार आहोत. दिवसा तिथे कोणी असलं तर तुम्ही असणार. मग खोली मुलांच्या नजरेने का बघायची? त्यानंतर पूल, गेम झोन, पार्कपासूनचं अंतर हे सगळं मी बाजूला ठेवलं आणि फोनवर वेगळेच प्रश्न विचारायला लागले. तळमजला आहे का. संडास कमोडचा आहे का, आणि त्याच्या दाराला उंबरा आहे का. गरम पाणी गीझरचं की सकाळी ठरावीक वेळात बादलीने. वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो का. सकाळी सहाला चहा मिळेल का. ह्या शेवटच्या प्रश्नावर निम्मे लोक हसले.

जिथे हसले नाहीत ती जागा घेतलीय. खोपोली गावात, मुख्य रस्त्यापासून जरा आत, एका कुटुंबाने घराला लागून चार-पाच खोल्या काढल्यात. आपल्याला तळमजल्याच्या दोन, मध्ये दार असलेल्या. समोर पडवीसारखी जागा आहे, खुर्च्या आहेत, आंब्याचं झाड आहे. बाबा, पेपर येतो, मी विचारलंय. दोन्ही खोल्या मिळून दिवसाला पाच हजारांच्या आत, गाद्यांसकट. घरमालकीणबाई सांगितलं तर पिठलं-भाकरी, वरण-भात करून देतात. आई, स्वयंपाकघर आपल्याला वापरायला नाही आणि ते मी मुद्दाम बघितलंय. गॅस दिसला की तू सुट्टीत सहा माणसांच्या पोळ्या लाटत बसशील. लाडू-चिवडा आणलास तर हरकत नाही, पण तो संध्याकाळी खोलीवर. पार्कात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत.

अजून एक फायदा आहे ज्याने माझं खरं मत झालं. हॉटेलात दुपारी दोनला आत आणि सकाळी अकराला बाहेर. इथे जुन्या लॉजसारखा चोवीस तासांचा हिशोब आहे. आपण रात्री नऊला पोचलो तर दिवस रात्री नऊला बदलतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी कोणी सामान बाहेर काढा म्हणत मागे लागणार नाही. सकाळी दर्शनाला जाऊन यायचं, जेवायचं, आईने तासभर आडवं व्हायचं, ऊन उतरलं की निघायचं.

दर्शन म्हणजे महडचा वरदविनायक. आपल्या हायवेवरचं महाड नव्हे, हे महड खोपोलीपासून पाच-सहा किलोमीटरवर. अष्टविनायकातला हा एक तुझा राहिलाय ना आई? तिथे गाभाऱ्यात जाऊन आपल्या हाताने पूजा करता येते, आणि नंदादीप १८९२ पासून अखंड तेवतोय असं सांगतात. आठवड्याच्या मधल्या दिवशी रांगही लहान असेल. म्हणूनच शनिवार-रविवार टाळून सोमवारी पोचायचं ठरवलंय, खोल्यांचा भावही त्या दिवसांत खाली येतो.

आणि बाबा, तुमच्यासाठी. खोपोलीत टाटांचं वीजघर आहे, १९१५ सालचं. वर लोणावळ्याकडे तलाव बांधले, पाणी नळांतून घाटाखाली सोडलं आणि इथल्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. कोयनेचं पाणी पोफळीला उतरवायच्या किती आधी! आत सोडतात की नाही त्यावर मी अवलंबून नाही, पण डोंगरावरून उतरणारे ते नळ बघत तुम्ही चिनूला हेड, म्हणजे पाणी किती उंचीवरून पडतं ते, आणि टर्बाइन समजावून सांगितलंत तर त्याला शाळेतल्यापेक्षा जास्त कळेल. कोयना प्रकल्पाच्या अलोऱ्याच्या क्वार्टरमध्ये मला तुमच्याकडूनच कळलं होतं.

मधला दिवस पार्कचा. आम्ही रिक्षाने जाऊ, अर्ध्या तासाच्या आतलं अंतर आहे. नायट्रो आणि तसल्या उलट्यापालट्या राइड्स तुमच्या कामाच्या नाहीत, आणि तिकीट काढून बाकावर पिशव्या सांभाळत बसवायला मी तुम्हाला नेत नाहीये. पण आई, 'आय फॉर इंडिया' आहे, खुर्चीत बसून देशभरातली ठिकाणं वरून बघायची. सईला ती तुझ्याबरोबरच बघायचीय. मनात असेल तर ये, ज्येष्ठांचं तिकीट वेगळं असतं. दमलीस तर संदीप तुला दुपारी परत सोडेल.

आपल्याला नातेवाईक नसलेल्या गावी सुट्टीला जायची सवयच नाही, हे मला कळतं. लहानपणी गोराईच्या बोटीने एस्सेलवर्ल्डला गेलो तेव्हा लॉज वगैरे प्रश्नच आला नव्हता. बोरिवलीला मामाची खोली होती, मामीने गॅलरीतसुद्धा गाद्या घातल्या होत्या. खोपोलीत आपलं कोणी नाही, तेवढे पैसे मोजायचे. आणि ते कोण मोजणार ह्यावर बाबा तुम्ही आईजवळ जे बोललात ते तिने मला सांगितलंय. जावयाचे नाहीत, माझ्या पगारातले आहेत. तुम्हाला अगदीच राहवलं नाही तर सगळ्यांना रमाकांतचा वडापाव तुमच्याकडून.

आगाऊ म्हणून थोडी रक्कम गुरुवारपर्यंत द्यायचीय, तोवर त्यांनी खोल्या धरून ठेवल्यात. तेव्हा बुधवारी रात्री फोन करते आणि ह्यावेळी "बघू" चालणार नाही. मांडवीचं आरक्षण मीच काढते, खालचे बर्थ मिळतात का बघते. दोघांची मूळ आधार कार्डं बरोबर घ्या, लॉजवर मागतात. बाबांच्या गोळ्या चार दिवसांच्या जास्तीच्या घ्या, कारण खोपोलीहून तुम्ही थेट घरी जाणार नाही आहात, मुलुंडला येणार आहात.

तुमची,
मनू

ता. क. आई, गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस. कपाटात खालच्या खणात, शालींच्या मागे ठेवला होतास.