रविवारची बैठक : नायगाऱ्याच्या जुन्या छापील चित्रांसाठी आठवण

सभासद मित्रहो,

रविवारी सकाळी साडेदहाला नेहमीच्या जागी भेटतोय. एकोणिसाव्या शतकातली नायगारा धबधब्याची जी छापील चित्रं तुमच्याकडे असतील ती घेऊन या, मात्र फ्रेममधून काढून. काचेआडून कागद कळत नाही. भिंगही आणा. भिंगाखाली ठिपक्यांची एकसारखी जाळी दिसली, तर ती नंतरची नक्कल समजायची.

विल्यम बार्टलेटच्या रेखाटनांवरून पोलादी पत्र्यावर कोरलेली, १८४० च्या 'अमेरिकन सीनरी'मधली पानं बहुतेकांकडे असतीलच. ती मुळात काळी-पांढरी छापलेली. रंग बहुधा पुढे कुणीतरी हाताने भरलेला असतो. तेव्हा रंगीत प्रतीला दुप्पट पैसे मोजण्याआधी जरा थांबा. (मी मोजले होते, असो.)

चित्राचा काळ ठरवायला खुणा बघा. कॅनडाकडच्या काठावरचा पुढे झुकलेला टेबल रॉक अखंड दिसत असेल, तर दृश्य जून १८५० च्या आधीचं, कारण तेव्हा त्याचा मोठा भाग कोसळला. हॉर्सशू या नायगाऱ्याच्याच मोठ्या धबधब्याच्या कडेवरचा टेरापिन बुरूज १८७३ मध्ये पाडला. अभियंता रोब्लिंगने बांधलेला झुलता रेल्वेपूल १८५५ नंतरच्याच चित्रांत सापडेल. अर्थात हा काळ दृश्याचा, छपाईचा नव्हे. जुन्याच पत्र्यांवरून प्रकाशक पुढेही प्रती काढत राहत.

आणि कृपा करून फाटलेल्या कडांना सेलोटेप लावून आणू नका. मागच्या वेळी दोन चांगले शिळाछाप (दगडावरून छापलेली चित्रं) त्यानेच गेले.