अपडेटचं बटण दाबण्याआधी सांगा : ग्राहक व्यवहार मंत्र्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
कृषी भवन, नवी दिल्ली

महोदय, स.न.वि.वि.

मी बार्शीत डीटीपीचं दुकान चालवते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, पुण्यस्मरणाचे फोटो, पावतीपुस्तकं, परीक्षा जवळ आल्या की शाळांच्या प्रश्नपत्रिका. बावीस वर्षं झाली. माझी तक्रार मशीनबद्दल, म्हणजे दुकानातल्या कम्प्युटरबद्दल आहे, पण मशीन बिघडलेलं नाही. ते रोज सकाळी साडेनऊला चालू होतं आणि रात्री मी बंद करेपर्यंत निमूट काम करतं. खरी तक्रार त्याला जोडायच्या फोनच्या अपडेटची आहे.

तुळशीची लग्नं लागली की आमचा हंगाम. गेल्या हंगामात एक नवरदेव संध्याकाळी दुकानात आला, सोबत धाकटी बहीण. पत्रिकेवर दोघांचा फोटो टाकायचा होता. "ताई, फोटो चांगला निघालाय, त्याची क्वालिटी तेवढी घालवू नका," बहीण म्हणाली. मी केबल लावली. कम्प्युटर 'टुंग' वाजला, फोनवर परवानगीची चौकट आली, नवरदेवानं 'हो' दाबलं. पुढे काहीच नाही. फोल्डर उघडेना. सिस्टिममध्ये जाऊन पाहिलं तर फोनच्या नावापुढे पिवळा त्रिकोण आणि त्यात उद्गारचिन्ह. आठच दिवसांपूर्वी याच फोनमधून, याच केबलनं, याच मशीनवर मी त्याच्या साखरपुड्याचे फोटो उतरवले होते.

"मधे फोनला काही केलंस का रे?"

"काही नाही. रात्री चार्जिंगला लावला होता, सकाळी अपडेट झालंय म्हणून आलं."

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दुसऱ्या कंपनीच्या फोननंही मला असाच हात दाखवलाय. मदत-क्रमांकावरचा मुलगा गोड बोलला. फोन जोडायचं सॉफ्टवेअर नवं घ्या म्हणाला. ते घ्यायला गेले तर 'आपल्या सिस्टिमवर चालणार नाही'. मग सिस्टिम नवी घ्या. ती चढवायला गेले तर प्रोसेसर जुना. म्हणजे फोन रात्री गादीशेजारी झोपेत बदलला आणि त्यापायी माझ्या टेबलावरचं अख्खं मशीन सकाळी भंगार ठरलं.

फोटो शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवरून घेतला. तो दाबला जाऊन आला आणि शालूच्या जरीचा पार चिखल झाला. 'डॉक्युमेंट म्हणून पाठव' ही युक्ती मलाही ठाऊक आहे, तीही केली. पण ती फाइल माझ्या फोनवर आली. फोनवरून कम्प्युटरवर कशी न्यायची हा मूळ प्रश्न तसाच. जुन्या ब्राउझरवर व्हॉट्सअ‍ॅपचं पान उघडेना. फाइल कशीबशी आली असती तरी तिचा प्रकार निराळा. नव्या फोनांत जागा वाचवायला फोटो जेपेगऐवजी एचईआयसी प्रकारात साठवतात, आणि माझं मशीन त्या नावालाही ओळखत नाही. अखेर पुतणीच्या लॅपटॉपवर फाइल उतरवली, जेपेग केली, पेन ड्राइव्हवर घेतली आणि दुकानात आणली. दोन तास. आमची कार्डं शेकड्यावर जातात, एका पत्रिकेमागे काय सुटतं ते इथं लिहायला लाज वाटते.

'नवा कम्प्युटर घेऊन टाका की' असं आपल्या खात्यातले अधिकारी म्हणतील, म्हणून आधीच सांगते. माझ्या दुकानाचं पोट जुन्या मराठी फाँटवर चालतं. युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनांवर सारखी चालणारी अक्षरांची पद्धत, घरोघर पोचायच्या आधीचे ते फाँट. त्यांचं पॅकेज एका डोंगलवर, म्हणजे कम्प्युटरला खोचायच्या किल्लीवर चालतं, डोंगल काढलं की अक्षरं उमटत नाहीत. मांडणी पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये. पेजमेकरची ७.० ही आवृत्ती २००१ सालची, त्यानंतर मोठी आवृत्ती आलीच नाही, आणि महाराष्ट्रातल्या तालुक्यातालुक्यांत ती अजून राबते आहे. वीस वर्षांत जमवलेल्या पत्रिकांचे सांगाडे त्यात आहेत. 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' या ओळीच्याच माझ्याकडे सतरा तऱ्हा आहेत. त्या फाइली नव्या मशीनवर उघडल्या की जोडाक्षरं फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि वधूपित्याच्या नावाचं भलतंच काही होतं. (एकदा झालं होतं. पाचशे कार्डं पदरमोड करून पुन्हा छापली.) हे मशीन मी आळसानं ठेवलेलं नाही.

आणि माझ्यासारखे फक्त डीटीपीवालेच आहेत असंही नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि साधारण २०१८ च्या अलीकडचा प्रोसेसर. त्याआधी घेतलेले धडधाकट कम्प्युटर शाळांत, पतसंस्थांत, वकिलांच्या टेबलांवर आहेत. क्रोमची १०९ ही जानेवारी २०२३ ची आवृत्ती विंडोज ७ आणि ८.१ वर चालणारी शेवटची. एकेक दार असं बंद होत जातं. फोनचं अपडेट हे त्यातलं सगळ्यात गुपचूप बंद होणारं दार. कारण ज्याचा फोन त्याला काहीच त्रास होत नाही, त्रास त्या फोनला केबल लावणाऱ्याला होतो.

आता आपल्याच खात्याकडे वळते. माझ्या शेजारी किराणा दुकान आहे. त्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दरवर्षी वजनमापवाल्यांचा शिक्का लागतो. त्याच्याकडच्या बिस्किटाच्या पुड्यावर निव्वळ वजन, कमाल किंमत, बनवणाऱ्याचं नाव, तक्रारीसाठीचा पत्ता हे सगळं छापावंच लागतं. २०११ चे ते नियम आपल्या खात्याचे, अंमलबजावणी राज्याची. चांगले नियम आहेत. पाच रुपयांच्या पुड्याला एवढी शिस्त, आणि हजारो रुपयांच्या वस्तूचं वागणं रातोरात बदलणाऱ्या तीन-चार जीबीच्या अपडेटवर लेबल काय? 'काही सुधारणा आणि दुरुस्त्या'. हे असं लेबल शेजाऱ्यानं डाळीच्या पाकिटावर लावलं तर त्याला दंड होईल.

हा विषय आपल्या खात्याला नवा नाही, हे मला माहीत आहे. जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली, मग पोर्टल निघालं. सप्टेंबर २०२४ मध्ये मोबाइलच्या दुरुस्ती-निर्देशांकासाठी, म्हणजे कुठला फोन किती सहज दुरुस्त होतो ते सांगणाऱ्या आकड्यासाठी, वेगळी समिती नेमली, मे २०२५ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्यातल्या निकषांत सॉफ्टवेअर अपडेटही आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयफोनच्या एका अपडेटनंतर फोन नीट चालत नाहीत अशा तक्रारी आल्या, तेव्हा आपल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोटीसही काढली. ती तक्रार वेगळी होती, फोनच बिघडल्याची होती. पण अपडेट हाही ग्राहकाशी झालेला व्यवहार आहे एवढं तर आपण तेव्हाच मान्य केलंत.

माझं म्हणणं त्याच्या पुढचं आणि तसं छोटं आहे. अपडेटचं बटण दाबण्याआधी, त्याच पडद्यावर, फोनवर निवडलेल्या भाषेत लिहिलेलं असावं : हे घेतल्यावर तुमचा फोन अमुक आवृत्तीच्या खालच्या कम्प्युटरला जोडला जाणार नाही. बस. कंपनीला ही माहिती नसते असं कुणी सांगू नये, तिच्या इंजिनियरांनीच ती आवृत्ती ठरवलेली असते. हे वाक्य त्या नवरदेवानं वाचलं असतं तर पत्रिका छापून होईपर्यंत तो थांबला असता. आणि अपडेट रात्री आपोआप होणारं असेल, तर अशा वेळी तरी त्यानं माणूस जागा असताना विचारावं.

दुसरं, परतीची वाट. आज बऱ्याच फोनांत अपडेट चढलं की जुन्यावर येता येत नाही, कंपनी जुनी आवृत्ती चालू द्यायचंच थांबवते. निदान महिनाभर तरी मागे फिरायची मुभा असावी. सुरक्षेचं काय, असं लगेच विचारतील. सुरक्षा हवीच, माझ्या फोनवरही बँक आहे. पण कुलूप बदलायचं तर दार, चौकट आणि पायरीही बदलावी लागते असं नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या वेगळ्या देता येतात : २०२१ मध्ये आयफोनची आयओएस १५ ही सिस्टिम आली तेव्हा काही महिने आयओएस १४ वरच राहून सुरक्षेची अपडेट घ्यायची सोय खुद्द अ‍ॅपलनं दिली होती. नंतर काढून घेतली.

इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०१८ मध्ये अ‍ॅपलला एक कोटी आणि सॅमसंगला पन्नास लाख युरो दंड केला, तो याच दोन गोष्टींवर बोट ठेवून : अपडेटनं फोनचं काय होईल ते नीट सांगितलं नाही, आणि पूर्वीसारखा करून घ्यायचा मार्ग ठेवला नाही. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षेची अपडेट किती काळ मिळणार ते विकतानाच सांगावं लागतं. युरोपीय संघात जून २०२५ पासून, मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देणं बंधनकारक आहे. पण तिथंही अपडेट किती वर्षं मिळणार याचाच हिशेब आहे. ते आल्यावर शेजारच्या टेबलावर काय बंद पडेल, हे कुणी विचारलेलं दिसत नाही. आपल्या निर्देशांकात तेवढा एक रकाना वाढवायला काय हरकत आहे?

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाचा दर्जा, प्रमाण, किंमत यांची माहिती मिळणं हा हक्क म्हणून लिहिलेला आहे. १९१५ या हेल्पलाइनवर मी फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "मॅडम, तक्रार फोनची की कम्प्युटरची?" दोन्ही चालू आहेत म्हटल्यावर त्या जरा थबकल्या. त्यांचा दोष नाही, त्यांच्या यादीत या तक्रारीला खानाच नसावा.

हे पत्र मी त्याच मशीनवर, त्याच जुन्या फाँटमध्ये टाइप केलं आहे. मेलनं पाठवलं तर आपल्याकडे नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं पोचतील, म्हणून प्रिंट काढून स्पीड पोस्टनं पाठवते. इथं सगळ्यांना वाचता यावं म्हणून पुतणीनं ते फोनवर पुन्हा टाइप केलं. तिच्या फोनवर कालपासून अपडेटची लाल खूण दिसते आहे. पत्रिकांची कामं संपेपर्यंत ती दाबू नकोस, असं तिला सांगून ठेवलंय.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक, बार्शी